उसवणारे सर

सरांच्या शर्टाच्या कॉलरखाली कायम एक सुई खोचलेली असायची, दोऱ्यासकट. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या माणसाच्या खिशाला पेन शोभतं, कॉलरला सुई कशाला, असं आम्हा पोरींना पहिल्या दिवशी वाटलं होतं. लवकरच कळलं. लॅबमध्ये कुणाचं काही अडलं की सर स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसत, त्याची बॅग मांडीवर घेत, तिचा उसवलेला बंद शोधून काढत आणि तो शिवायला लागत. शिवता शिवता म्हणत, "हं. वाच."

आम्ही वाचायचं. स्क्रीनवर जे काही लाल-लाल आलं असेल ते मोठ्याने. सर मान वर करून बघतसुद्धा नसत. एकदा मी धीर करून विचारलं, सर, तुम्ही स्वतःच एकदा करून का दाखवत नाही? तर म्हणाले, "हात रिकामे राह्यले का कीबोर्डवर जातेत. मंग शिकन कोन, मी का तू?"

आमच्या तुकडीत एकाचीही बॅग फाटकी नव्हती. माझ्या बॅगेचा बंद एकदा चांगला धडधाकट होता, तर त्यांना शिवण पसंत पडली नाही म्हणून त्यांनी तो उसवला आणि पुन्हा शिवला. तोवर माझी चूक वाचून संपली होती, तरी बॅग परत मिळेपर्यंत मला बसून राहावं लागलं.

सर मूळचे नागभीडचे. घरचा धंदा गाद्या भरण्याचा, आजोबांपासूनचा. फळ्यावर लिहायचे ते इंग्रजीत, शिकवायचे ते पुस्तकातल्या मराठीत आणि लॅबच्या दारातून आत पाऊल टाकलं की थेट झाडीबोलीत, आमच्या चंद्रपूरकडच्या बोलीत. अर्धं हिंदी त्यात मिसळलेलं. "शिकवणं अलग, दुरुस्ती अलग," असं त्यांचं स्पष्टीकरण. दुरुस्ती घरच्याच भाषेत होते म्हणायचे. प्राचार्यांना हे आवडत नसे. त्यांना सरांचं बरंच काही आवडत नसे. कॉलेजात नव्या गादीच्या खुर्च्या आल्या त्या आठवड्यातच सरांनी आपल्या खुर्चीची गादी उसवून आत काय भरलंय ते पाहिलं होतं. विचारणा झाली तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "आत स्पंज निघाला जी. बिल कापसाचं नाई ना?"

आम्हाला शिकायचं होतं ते असं. एकदा लिहिलेला प्रोग्रॅम विंडोजवरही चालला पाहिजे आणि लिनक्सवरही. प्रत्येक मशीनवर तो त्या त्या मशीनच्या पद्धतीने बांधून घ्यावा लागतो आणि ती बांधणी लावून देणारं एक साधन असतं. पुस्तकात त्याच्यावर मोठा धडा होता. तो वाचून आमच्यातल्या एकालाही ओ की ठो कळलं नाही. मी ते साधन मशीनवर टाकलं, पाठ करून ठेवलेली आज्ञा दिली, तर एकही कंपायलर सापडत नाही म्हणून ते मोकळं झालं. मला वाटलं साधनच नासकं आहे. काढलं, पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. नाकी नऊ आले.

सरांनी बॅग घेतली. "तू पोंभुर्ण्याकडची ना? उन्हाळ्यात तेंदूपत्त्याले जातेत घरचे?"

"जातात सर."

"तिथी मुकादम असते. तो पानं तोडते का?"

"नाही."

"मंग काय करते?"

"कोण किती आले बघतो, काम लावून देतो."

"हां. हे तुझं साधन मुकादम आहे. तू मुकादम आनून बसवला झाडाखाली, अन मजूर एक नाई आनला. तो बिचारा इचारून राह्यला, बाई, मानसं कुठी आहेत? अन तू त्यालेच बदलून राह्यली."

कंपायलर म्हणजे मजूर, प्रत्यक्ष बांधणी करणारा. तो टाकला आणि मुकादम कामाला लागला. तेव्हापासून आमच्या तुकडीत त्या साधनाचं खरं नाव कुणी घेतलं नाही. आज नागपूरच्या ऑफिसात मी कधी चुकून म्हणते, मुकादम अडलाय, आणि सगळे माझ्याकडे बघतात.

सरांचं दुसरं वेड म्हणजे पहिली चूक. स्क्रीन चुकांनी भरून वाहायची आणि डोळ्यांसमोर असायची ती सगळ्यात खालची. साहजिकच आम्ही तीच वाचायचो. सर सुई थांबवून म्हणत, "घरात भांडन लागलं तं शेवटी कोन बोंबलला हे कोनी इचारते का? पयले कोन बोलला ते इचारते. वर जा." वर जायचं, जात राहायचं, पहिली सापडेपर्यंत. ती सुधारली की खालच्या सगळ्या बहुतेक वेळा आपोआप निघून जायच्या. इतकी साधी गोष्ट, पण दुसऱ्या कुठल्या सरांनी सांगितली नव्हती.

आणि तिसरं म्हणजे उसवणं. मुकादम आपलं सगळं काम एका वेगळ्या फोल्डरात करतो आणि मशीनवर काय काय सापडलं ते त्यात टिपून ठेवतो. पुढच्या वेळी तेच धरून बसतो. आमच्याकडे घरी इंटरनेट कुणाकडे? आम्ही पेनड्राइव्हवर सगळंच्या सगळं उचलायचो, त्या फोल्डरासकट, आणि दुसऱ्या मशीनवर नेऊन ओतायचो. मग मुकादम जुन्या मशीनच्या खुणा शोधत बसायचा आणि आम्ही इथे एक ओळ बदल, तिथे एक ओळ बदल, असे थापटत बसायचो. सर म्हणायचे, "गादीत गुठळ्या झाल्या का लोक वरून थापटतेत. दोन रोज बरं वाटते. मंग पुन्हा तेच. वरून थापटू नोको. उसव."

म्हणजे ते फोल्डर अख्खं पुसून टाक आणि नव्याने बांध. हे ऐकून तोंडचं पाणी पळायचं. आमच्या घरांत फुटकी बादलीसुद्धा कुंडी म्हणून राहते, आणि हे केलेलं काम पुसायला सांगत होते! एक मुलगी तर रडायलाच लागली. तिला सर म्हणाले, "रडतेस काऊन? कापूस तर तुयाच आहे, तू लिहिलेला प्रोग्रॅम. तो दुसऱ्या फोल्डरात आहे, त्याले हात लावायचा नाई. खोळ तेवढी फाडायची आहे." तिने डोळे मिटून पुसलं. पुन्हा बांधलं आणि पहिल्या फटक्यात चाललं. सर म्हणाले, "चाललं." शाब्बास हा शब्द त्यांच्याकडे नव्हताच. 'चाललं' यापलीकडे त्यांनी कुणाला काही म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि त्या एका शब्दासाठी आम्ही काय वाटेल ते करायचो.

त्यांची परीक्षासुद्धा उलटीच. प्रोग्रॅम तुम्ही लिहायचा, तो कसा बांधायचा ते कागदावर लिहून द्यायचं, आणि मग बाहेर व्हरांड्यात जाऊन उभं राहायचं. आत दुसराच कुणीतरी, वेगळ्या मशीनवर, केवळ तुमचा कागद वाचून तो बांधणार. तुम्ही बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. चालला तर पास. एका हुशार मुलाने कागदावर शेवटची ओळ लिहिली होती, 'पुढे नेहमीसारखे करा.' आत बसलेली मुलगी सरळमार्गी. तिने मशीन बंद केलं आणि चहाला निघून गेली. तो पोरगा व्हरांड्यात उड्या मारत होता आणि सर खिडकीला चादर लावत होते.

आम्ही या परीक्षेला फार शिव्या दिल्या. आपला प्रोग्रॅम, आपल्याला चालवता येतो, मग बाहेर कशाला? सरांनी तेव्हा कारण सांगितलं नाही. मला ते माझ्याच घरी कळलं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना आईला लकवा मारला. उजवी बाजू हळूहळू थोडी सुधारली, वाचा मात्र गेली ती गेली. आमची आई म्हणजे भाताच्या रोवणीच्या वेळी बांधीतल्या चिखलात उभी राहून गाणं सुरू करणारी बाई. तिने हाक मारली की तिकडच्या शेतातली म्हैससुद्धा मान वर करायची. आता ती दिवसभर खाटेवर बसून असायची आणि आम्ही सगळे तिला विचारत असायचो. पाणी देऊ? दुखते का? पाय चेपू? ती मान हलवायची, नाही, नाही, नाही. तिला वेगळंच काही म्हणायचं असायचं आणि ते आम्हाला कधीच ओळखता यायचं नाही. मग ती डावा हात खाटेवर आपटायची.

मोबाइलवर अशा लोकांसाठी ॲप असतात. मी एक आणून दिलं. चित्रावर बोट ठेवलं की आतली बाई गोड आवाजात म्हणायची, "मला तहान लागली आहे." आई पहिल्यांदा हसली, वाकड्या तोंडाने का होईना. दुसऱ्यांदा तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. आमच्या घरात 'मला तहान लागली आहे' असं आजवर कुणी बोललं नव्हतं. परक्या बाईचं बोलणं तिला आपल्या तोंडी नको होतं.

म्हणून मी ठरवलं, प्रोजेक्टला हेच करायचं. आमच्या बोलीत बोलणारा प्रोग्रॅम. चित्रं मी काढली, प्रत्येक चित्राला एक बटण, आवाज माझाच. 'पानी दे वो', 'डोस्कं दुखून राह्यलं', 'थंडी वाजते', 'मले बसव'. कॉलेजातल्या विंडोजवर सुरेख चालला. पेनड्राइव्हवर घालून गावी नेला. घरी दादाने चंद्रपूरहून आणलेला जुना लॅपटॉप होता, दुकानदाराने त्यात लिनक्स टाकून दिलेलं. त्याच्यावर काही केल्या बांधला जाईना. आई खाटेवरून बघत होती. तिच्या नजरेखाली पहिली चूक वाचायचं सोडून मी दोन दिवस ओळी थापटत बसले आणि परत निघाले तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. वाटेत बसमध्ये मी रडले, हे सांगायला मला आज काही वाटत नाही.

लॅबमध्ये सर माझी बॅग मागायला आले, तर मी ती दिलीच नाही. म्हटलं, सर, या वेळी माझी बॅग नका शिवू, तुम्हीच बांधून द्या. माझ्या आईचा प्रश्न आहे. सरांनी हातातली सुई पुन्हा कॉलरला खोचली. मग म्हणाले, "रविवारी येतो तुया घरी. तू कागद लिहून ठेव."

मूल गावाहून येणाऱ्या सकाळच्या बसने सर खरंच आले. आईसमोर हात जोडून म्हणाले, "नमस्कार बाई. मी तुमच्या पोरीचा मास्तर." आईने डावा हात कपाळाला लावला. सर खाटेजवळच्या स्टुलावर बसले, बोलता बोलता त्यांचा हात गादीवर गेला आणि चेहराच बदलला. "ही कोनी भरली जी? एवढ्या गुठळ्यावर मानूस झोपते कसा?" बाबा ओशाळून म्हणाले, जुनी आहे. दोन मिनिटांत आईची खाट अंगणात, गादी ओसरीत आणि सरांची सुई कॉलरमधून बाहेर. कापूस आमच्या घरचाच होता, तो कमी पडायचा प्रश्न नव्हता. मला वाटलं, हा माणूस लॅपटॉपसाठी आला होता की गादीसाठी?

तेवढ्यात ते दारात उभ्या असलेल्या दादाच्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, तुमी शिकल्या किती?"

वहिनी म्हणाली, "बारावी, जी."

"बस झालं. लॅपटॉप घ्या. तिनं लिहिलेला कागद घ्या. अन तू," माझ्याकडे बोट करून, "बाहेर."

"सर, हे घर आहे, परीक्षा नाही!"

"उद्या तुले नागपूर-पुन्यात नोकरी लागन. मंग आईले नवा शब्द पायजे असन तं काय घरचे हा कापूस घेऊन तुयाकडं येतीन? जा बाहेर."

मी गोठ्याजवळ जाऊन उभी राहिले. माझ्या कागदावर माझा भरवसा होता; खोट लॅपटॉपातच आहे असं मी धरून चालले होते. पण थोड्याच वेळात आतून वहिनीचा आवाज आला, "अवो बापा, सगळं लालच लाल आलं जी!"

"घाबरू नोका," सर उसवता उसवता म्हणाले. "सगळ्यात वर जा. पयलं लाल वाचा."

वहिनीने अडखळत वाचलं. आवाज वाजवण्यासाठी लागणारी एक लायब्ररी, म्हणजे तयार मिळणारा कोड, मशीनवर नव्हती. कॉलेजच्या मशीनवर ती आधीच कुणीतरी घालून ठेवली होती, त्यामुळे ती लागते हेच मला ठाऊक नव्हतं. मी ओरडून सांगायला तोंड उघडलं. सरांनी सुई माझ्यावर रोखली. "तोंडानं नाई. कागद घेऊन जा, त्याच्यावर लिही, परत दे."

लिहून दिलं. आता ती लायब्ररी उतरवायला इंटरनेट हवं, आणि आमच्याकडे मोबाइलला रेंज येते ती नेमकी गोठ्याजवळ. वहिनी लॅपटॉप आणि दादाचा फोन घेऊन गोठ्याकडे आली, तशी मला तिथूनही हाकललं. मी विहिरीजवळ जाऊन थांबले. ते उतरेपर्यंत वहिनी गाईच्या पाठीवर हात ठेवून उभी होती आणि गाय लॅपटॉपकडे बघत होती.

मग वहिनी आत गेली. पुन्हा बांधायला घेतलं, पुन्हा लाल. या वेळी मुकादम जुनंच धरून बसला होता. सरांनी भरत आणलेल्या गादीवरून मान वर केली आणि वहिनीला ते फोल्डर पुसायला लावलं. तिने एकदाही कां-कू केलं नाही. बांधणी सुरू झाली. मी विहिरीच्या काठाला धरून उभी होते. आणि घरातून माझाच आवाज आला, "पानी दे वो."

"चाललं," सर म्हणाले.

मला आत धावावंसं वाटलं. पण सरांनी मला बोलावलं नाही. त्यांनी वहिनीला सांगितलं, "आता तुमी एक शब्द टाका. इच्यात तं सगळे बिमारीचेच आहेत. बाई आयुष्यभर एवढंच बोलल्या का?"

खरं होतं ते. मी आईला रुग्ण समजून शब्द दिले होते.

लांबून मला दिसत होतं ते इतकंच, की वहिनी लॅपटॉप घेऊन अंगणात आईच्या खाटेपाशी वाकलीय. ती काहीतरी विचारत होती, काय ते नंतर तिनेच सांगितलं, आणि आई मान हलवत होती. देवळात जायचं? नाही. पोरीला हाक मारायची? नाही. म्हशीला? नाही. आईने डावा हात उचलला, चुलीकडे केला, मग सरांकडे केला. पुन्हा चुलीकडे, पुन्हा सरांकडे. वहिनी एकदम थांबली आणि पदराने तोंड पुसत हसली. तिने फोन तोंडाजवळ धरून काहीतरी म्हटलं. चित्र म्हणून दादाने आमच्या पितळेच्या ताटाचा फोटो काढला. मग वहिनीने कागद वाचत वाचत, माझ्याशिवाय, पहिल्यापासून शेवटपर्यंत ते सगळं पुन्हा बांधलं.

सर तोवर गादी शिवून, हात झटकून उठले होते. मूलकडे जाणारी शेवटची बस यायची वेळ झाली होती. त्यांनी चपला घातल्या आणि आईला म्हणाले, "येतो जी बाई."

आईने डाव्या हाताचं बोट उचललं. त्याने ताटाच्या चित्राचं बटण दाबलं. वहिनीचा आवाज अंगणभर झाला, "बसा जी भाऊ. दोन घास जेवूनच जा."

बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आई सरांकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर दुखण्याआधीचा तो सगळा रुबाब परत आला होता, घरी आलेल्या माणसाला न जेवता जाऊ न देणाऱ्या बाईचा. सरांनी चपला काढल्या. "हो जी बाई," म्हणाले आणि मांडी घालून पाटावर बसले. बस येऊन गेली, तिचा हॉर्न सगळ्यांनी ऐकला.

सर आता निवृत्त होऊन नागभीडला असतात. दिवाळीत मी त्यांना फोन करते. ते विचारतात, "चालते का?" मी म्हणते, चालते सर. आईच्या लॅपटॉपात आता वहिनीने घातलेले शब्द माझ्या शब्दांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, त्यात दोन-चार चांगल्या सणसणीत शिव्याही आहेत. कुठला शब्द कधी घातला ते मला माहीतही नसतं. माझ्या आईला तिचं बोलणं परत मिळालं ते सरांमुळे, आणि मी त्यांना ते सांगायला गेले की ते विषय बदलतात. म्हणून इथे लिहून ठेवते आहे.

त्या रविवारी मात्र आई एका पाहुण्यावर थांबली नाही. सर जेवत होते तोवर रस्त्याने गुराखी गेला, तिने बटण दाबलं. दळण घेऊन शेजारची काकू गेली, पुन्हा दाबलं. मग कुणी नसतानाही दाबलं, नुसतं ऐकायला. गुराखी खरंच आत येऊन बसला, काकूही आली, सरांनी सरकून त्यांना जागा करून दिली. विहिरीवरून मला कुणी बोलवायच्या आधीच मी धावत घरात गेले, कारण वहिनीला दुसऱ्यांदा भात टाकावा लागणार होता.